काशिनाथभाऊंच्या ओठांवर काय होतं

आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या काकूंना मी नेमकं काय करते हे बरीच वर्षं कळत नव्हतं. फिल्म काढते म्हटलं की त्या हिरो कोण ते विचारायच्या. माहितीपट म्हटलं की माहिती आहेच की पेपरात, म्हणायच्या. शेवटी एकदा मी सांगून टाकलं, काकू, लग्नाच्या शूटिंगसारखंच असतं, फक्त लग्न नसतं. ते मात्र त्यांना लगेच पटलं.

आणि खरं सांगायचं तर ती व्याख्या अगदीच चुकीची नाही. लग्नात सगळे नटतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. आमच्याकडे कोणी नटू नये आणि कॅमेऱ्याकडे बघू नये म्हणून आम्ही दोन-दोन दिवस कोपऱ्यात बसून राहतो. लोकांना आमचा कंटाळा आला की मग शूटिंग सुरू होतं. बाकी रुसवेफुगवे आणि मानपान दोन्हीकडे सारखेच.

सामाजिक माहितीपटाला आणखी एक खोड असते. कुठली तरी संस्था काम सांगते आणि संस्थेला दुःख हवं असतं. एका बाईंनी माझी जवळजवळ तयार झालेली फिल्म पाहून लोकांचे चेहरे फार आनंदी आहेत, असा शेरा मारला होता. मी त्यांना हसले, पण तीच खोड माझ्याही अंगात होती. दापोड्याला गोडाऊनांवर फिल्म करत होते, तेव्हा ज्यांच्या भातशेतीवर गोडाऊन उभं राहिलं त्या काकांना मी त्या भिंतीसमोर जरा गंभीर उभं राहायला सांगितलं. ते पांढरा शर्ट आणि काळा गॉगल घालून आले आणि आधी माझा नवा बंगला काढा म्हणाले. मी शेताची आठवण काढली, तर त्यांनी मला एका वाक्यात गप्प केलं. "मॅडम, भात लावताना कंबर माझी मोडायची, तुमची न्हाय." ते वाक्य मी फिल्ममध्ये ठेवलं आणि मला वाटलं, चला, आपण शिकलो.

कसलं काय! त्यानंतर दोनच वर्षांत मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली, आणि ती माझ्याच गावात, माझ्या घराच्या मागच्या गल्लीत.

मी अस्सल भिवंडीकर. आप्पा कारकून, आई शिक्षिका, आणि घर अशा जागी की यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा खटखटाट आम्ही पाळण्यात ऐकलेला. पाहुणे विचारायचे, हा कसला आवाज? आम्ही उलट विचारायचो, कुठला आवाज? शुक्रवारी लूम बंद असले की आप्पांना दुपारी झोप लागायची नाही. इतकं असून लूमच्या शेडमध्ये मी पहिलं पाऊल टाकलं ते केस पांढरे व्हायला लागल्यावर, तेही हातात काम आलं म्हणून. आमच्यासारख्या घरातून तिकडे जायचं कधी कारणच पडलं नाही. हे मी काही मिरवायला सांगत नाही.

काम छान होतं. लूम थांबल्यावर ही माणसं काय गातात, काय वाजवतात, त्यावर फिल्म करायची होती. शोधता शोधता काशिनाथभाऊ सापडले. राहणारे जवळच्या कोन गावचे, वय पन्नाशीच्या पुढे, दिवसपाळीत आठ लूम सांभाळायचे. त्यांचे वडील गाणी रचणारे शाहीर. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत गावोगाव पायी फिरून गायचे आणि रचलेलं सगळं एका वहीत लिहून ठेवायचे. काशिनाथभाऊंची मुलगी प्रज्ञा काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये बिलिंगचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत गाते. आज्याच्या वहीतलं एक गाणं तिनं चाल लावून बसवलं होतं आणि पंचक्रोशीत त्याच गाण्यावर तिचं नाव झालं होतं. आजोबा शाहीर, मधला यंत्रावर, नात गायिका. माहितीपटवाल्याला एवढं मिळालं की तो देवाकडे आणखी काही मागत नाही.

शेडमधलं शूटिंग म्हणजे दिव्य. पहिल्या दिवशी माझा कॅमेरामन दिनेश मला काहीतरी ओरडून विचारत होता आणि मी जोरजोरात मान डोलवत होते. बाहेर आल्यावर कळलं, तो जेवणाची सुट्टी न घेता काम करायचं का ते विचारत होता. तिथे ध्वनिमुद्रण करण्यात काही अर्थच नव्हता, म्हणून आम्ही चित्र तेवढं घेत राहिलो. धोटा इकडून तिकडे पळतोय, काशिनाथभाऊ तुटलेला धागा क्षणात जोडताहेत, आणि या सगळ्यात त्यांचे ओठ सतत हलताहेत. शेजारच्या लूमवर इद्रिसभाई, तीस वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आलेले. त्यांचेही ओठ हलायचे. मला वाटलं, गुणगुणत असतील. चहाच्या सुट्टीत मी काशिनाथभाऊंना विचारलं, काम करताना मुलीचं गाणं गुणगुणता ना? त्यांनी हसून मान हलवली. मी वहीत लिहून घेतलं.

मग कोनला त्यांच्या घरी मुलाखत घेतली, तर माणूस एकदम मुका. मी प्रश्न विचारायचा, त्यांनी हां किंवा ठीक हाय म्हणायचं, आणि उरलेलं उत्तर प्रज्ञानं द्यायचं. त्यांना जरा कमी ऐकू येतं, असं तिनं आधीच सांगितलं होतं. लूमवाल्याच्या घरात ते कुणाला विशेष वाटत नाही, टीव्हीचा आवाज मोठा असतो एवढंच. कानाचं मशीनही घेऊन झालं होतं, पण ते नुसत्या शिट्ट्या मारायचं म्हणून कपाटात पडलं होतं. प्रज्ञा स्वतः मात्र कॅमेऱ्यासमोर खुलली. म्हणाली, "पप्पा पहिल्या रांगेत बसतात. त्यांनी मान डोलावली की मला कळतं, आज गाणं लागलं." हे सांगताना तिचे डोळे भरून आले आणि माझेही आले. दिनेश पूर्वी लग्नं शूट करायचा, त्यामुळे डोळ्यांत पाणी दिसलं की त्याचा कॅमेरा आपोआप जवळ जातो.

एडिटिंगला बसल्यावर मी प्रज्ञाच्या त्या वाक्याला जोडून शेडमधला काशिनाथभाऊंचा एक लांबलचक शॉट लावला. उजेड खिडकीतून तिरका आलेला, चेहरा अगदी जवळून, ओठ हलताहेत. खाली बासरी. आमच्या धंद्यात दुःख आलं की बासरी लागते. आणि माझ्याच आवाजात निवेदन: यंत्रानं त्याची वाणी हिरावून घेतली, पण मुलीचं गाणं अजून त्याच्या ओठांवर आहे. संस्थेच्या लोकांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते पत्रकावर छापायला घेतलं. मी तो तुकडा प्रज्ञालाही मोबाईलवर पाठवला. तिनं तो सगळ्या गायन पार्टीला दाखवला.

पहिला खेळ मी हट्टानं भिवंडीतच ठेवला. शुक्रवार होता, लूम बंद. एका शाळेच्या सभागृहात शेडमधले सगळे आले, धोट्यासाठी सुताची कांडी भरणाऱ्या बायका आल्या, कोनहून काशिनाथभाऊंचं घरदार आलं. बाप आणि मुलगी पहिल्या रांगेत शेजारी बसली. दिवे गेले, पडद्यावर शेड आली, माझं गंभीर निवेदन सुरू झालं, आणि सभागृह हसायला लागलं.

मी चमकले. पडद्यावर काशिनाथभाऊ धागा जोडताहेत, मी घामाबद्दल आणि कष्टाबद्दल बोलतेय, आणि लोक हसताहेत. थोड्या वेळानं पुन्हा तेच, आता टाळ्यासुद्धा. कांडी भरणाऱ्या दोन बायका पदर तोंडात धरून बसलेल्या. मी शेजारच्या कामगाराला विचारलं, काय झालं? तो डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, काशीभाऊ पडद्यावर बोलतो ना वो. म्हणतो, ही बाई सकाळपासून माझ्या पायांचेच फोटो काढून राहिलीय, उद्या चप्पल नवीन घालतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लूमवर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं ओठ वाचतात. नव्या कामगाराला वर्षभरात ते येतं, न येऊन सांगतो कुणाला! शब्द सावकाश आणि तोंड मोठं करून बोलायचे, जोडीला हाताच्या खुणा. शेठ आला की मनगटावर दोन बोटं, चहा म्हणजे अंगठा. दिवसभर थट्टा, राजकारण, घरची रडगाणी, सगळं त्या खटखटाटात निवांत चालतं. ज्या माणसाला मी मुकं ठरवलं होतं तो अख्ख्या शेडमधला सर्वांत बोलका माणूस होता. आणि मी त्याचं बोलणं बासरीखाली दाबून वर माझं वाक्य ठेवलं होतं. भिवंडीत जन्माला येऊन एवढं साधं मला माहीत नव्हतं.

हसू यायला हवं होतं आणि येतही होतं. मग प्रज्ञाचं वाक्य आलं आणि त्याला जोडून तो शॉट आला.

सभागृह एकदम गप्प झालं. पडद्यावर काशिनाथभाऊंचे ओठ सावकाश हलत होते, वर माझा आवाज मुलीच्या गाण्याबद्दल सांगत होता. पहिल्या रांगेत काशिनाथभाऊंनी मान खाली घातली. प्रज्ञा आधी खुशीत पडद्याकडे बघत होती. मग तिला ती शांतता जाणवली. तिनं मागे वळून पाहिलं तर सगळे तिच्याकडेच बघत होते.

खेळ संपल्यावर मी इद्रिसभाईंना बाजूला घेऊन विचारलं. ते आधी तयार होईनात. मग त्यांनी दाराकडे पाठ करून हळूच सांगितलं. काशिनाथभाऊ त्या शॉटमध्ये त्यांनाच सांगत होते, "पोरीनं माझ्या बापाचं गाणं बसवलंय म्हणतात. पाच वर्षं झाली, एक अक्षर ऐकलं न्हाय मी. ढोलकीवाल्याच्या हाताकडं बघतो अन् मान हलवतो."

मी मागे वळले तर प्रज्ञा समोर उभी. तिनं सरळ विचारलं, मॅडम, लोक गप्प का झाले? मी तीस वर्षं लोकांना कॅमेऱ्यासमोर खरं बोलायला सांगत आलेली बाई. मी म्हणाले, आवाजात जरा तांत्रिक गडबड झाली. याची लाज मला अजून वाटते.

पण पोरगी गोडाऊनमध्ये दिवसाला हजार बिलं तपासणारी. तिनं पुढच्याच आठवड्यात मी पाठवलेला तो तुकडा मोबाईलवर घेऊन शेडचं दार गाठलं आणि कांडीवाल्या बायकांसमोर धरला. त्यांनी वाचून सांगितलं. तिचा मला फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, घरात कमी ऐकू येतं ते माहीत होतं, पण स्टेजवर स्पीकरचे एवढे मोठे बॉक्स लावलेले असतात, तेवढं तर येत असेल असं वाटायचं. ज्या मानेवर मी गाणं जोखत होते ती मान ढोलकीवाल्याला होती. मग माझ्यावरही घसरली, आणि बरोबरच होतं. जयंती तीन आठवड्यांवर आलेली. तिनं तालमीला जाणं बंद केलं, पार्टीला दुसरी गायिका बघायला सांगितलं आणि बापाशी बोलणं सोडलं. न ऐकू येणाऱ्या माणसाशी अबोला कसा धरतात ते मला माहीत नव्हतं. तिनं त्यांच्यासमोर बसणंच सोडलं.

मग एका शुक्रवारी सकाळी काशिनाथभाऊ माझ्या घरी आले. तळमजल्यावरच्या काकूंनीच त्यांना जिना दाखवला. मी चहा केला, समोर बसले आणि जमेल तेवढं तोंड मोठं करून, सावकाश बोलायला लागले. ते चपापले. मग जो माणूस मला दीड महिन्यात हां आणि ठीक हाय एवढंच म्हणाला होता, तो तासभर बोलत बसला. ऐकणं कमी कमी होत कधी संपलं ते त्यांनाही कळलं नव्हतं. डॉक्टरांनी नस गेली म्हणून सांगितलं, ते त्यांनी घरी सांगितलं नाही. बाहेरची माणसं ओठ बंद ठेवूनच बोलतात, म्हणाले, काही वाचता येत नाही. आणि प्रज्ञा गाते तेव्हा माईक पार तोंडाला लावते.

मी विचारलं, मग निदान तिला तरी सांगायचं.

"गाताना ती माझ्याकडं बघते मॅडम. मी मान न्हाय हलवली तर ती थांबल. माझ्या बापाचं गाणं गाणारी ती एकटीच हाय."

जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली, ते तेवढं फिल्ममधून काढा. मी लगेच कबूल केलं. पत्रक छापायला निघालं होतं तरी कबूल केलं. प्रज्ञाला फोन करून सांगितलं की तो शॉट जातोय, आणि जे त्यांच्या तोंडून ऐकलं तेही सांगितलं, माईकचंसुद्धा. ती म्हणाली, "शॉट राहू दे. तुमचं वाक्य काढा. पप्पा जे बोलले तेच खाली लिहा." मी म्हटलं, त्यांनी काढायला सांगितलंय. तर म्हणाली, त्यांना मी सांगते, समोर बसून.

काशिनाथभाऊंचा होकार आल्यावर इद्रिसभाई आठवडाभर आमच्या एडिटिंगच्या खोलीत येऊन बसले. मी एकेक शॉट लावायचा, त्यांनी ओठ वाचायचे, मी खाली अक्षरं टाकायची. माझं निम्म्याहून जास्त निवेदन त्या आठवड्यात गेलं आणि बासरी तर पूर्णच गेली. तिच्या जागी लूमचा खरा आवाज लावला. काही ठिकाणी काशिनाथभाऊ माझ्याबद्दल बराच वेळ बोलताना दिसायचे आणि इद्रिसभाई फक्त म्हणायचे, "ये कुछ खास नहीं मॅडम, आगे लो." मी पुढे घ्यायचे. संस्थेच्या बाईंनी नवी फिल्म पाहून यात आता संदेश कुठे आहे, असं विचारलं. फिल्म मी बदलली नाही.

जयंतीला चार दिवस उरले असताना प्रज्ञानं मला कोनला बोलावलं. दिनेशला आणा म्हणाली, पण कॅमेरा नको. पार्टीची सगळी माणसं ओटीवर जमली होती. ढोलकीवाल्याला तिनं मुद्दाम बापाच्या पाठीमागे बसवलं. माईक लावलाच नाही. स्वतः काशिनाथभाऊंच्या समोर, हातभर अंतरावर बसली आणि गायला लागली. नेहमीपेक्षा सावकाश, प्रत्येक शब्दाला तोंड पूर्ण उघडून. सुरांची थोडी ओढाताण होत होती, पेटीवाल्यानं एकदा नाराजीनं माझ्याकडे पाहिलंही. काशिनाथभाऊ तिच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. मान हलली नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, तरी मान हलली नाही. मला वाटलं, वाचता येत नाहीये. प्रज्ञालाही तसंच वाटलं असावं, कारण तिचा आवाज कापायला लागला.

दुसरं कडवं संपता संपता त्यांनी हात वर केला आणि तिला थांबवलं.

"एक ओळ सोडलीस बाय."

प्रज्ञानं वही काढून दाखवली. गाणं तेवढंच होतं. पानाचा खालचा कोपरा कधीतरी भिजून गळून गेला होता, आणि जे शाबूत होतं तेवढंच तिनं पाच वर्षं गायलं होतं. ओळ गेल्याचं तिला कळायला मार्ग नव्हता. ज्या एका माणसाला ते गाणं पूर्ण पाठ होतं तो समोर बसून मान डोलवत होता.

काशिनाथभाऊंनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. बापाच्या तोंडून लहानपणी ऐकलेली ओळ त्यांनी नुसती म्हणून दाखवली, गद्यासारखी, चाल न लावता: वेशीबाहेरली वाट माझी शाळेमधून जाते.

प्रज्ञानं पेन मागितलं. लिहिता लिहिता थांबली, डोळे पुसले, बापाकडे तोंड करून ओठ मोठे केले आणि आवाज न काढता म्हणाली, "परत सांगा." ते मलासुद्धा वाचता आलं.